कबुली आणि कसरत : 'रॉयल फ्लॅश'च्या माध्यमांतराविषयी

कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटाची चर्चा मराठीत बहुधा एका ठरीव प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. चित्रपट मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहिला की नाही, हा तो प्रश्न होय. कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे एकत्र केली, शेवट का बदलला, यांची यादी तयार होते आणि त्या यादीच्या लांबीवरून निवाडा दिला जातो. या पद्धतीची मर्यादा ज्या चित्रपटामुळे विशेष स्पष्ट होते, तो म्हणजे रिचर्ड लेस्टर दिग्दर्शित 'रॉयल फ्लॅश' (१९७५). जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर यांच्या १९७० मधील त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याची पटकथा खुद्द फ्रेझर यांनीच लिहिली आहे. घटनाक्रम बव्हंशी तोच आहे, पात्रे तीच आहेत, काळ तोच आहे. परक्या हाताने मूळ कृतीची मोडतोड केली, अशी तक्रार करण्यास येथे जागाच नाही. तरीही कादंबरी वाचून चित्रपटाकडे वळणाऱ्याला आपण वेगळ्याच माणसाची गोष्ट पाहत आहोत असे वाटू लागते. कथानक शाबूत असताना नेमके काय हरवले, याचा शोध घेणे माध्यमांतराच्या अभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

या शोधासाठी मूळ कादंबरीमालेची घडण लक्षात घ्यावी लागते. टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' (१८५७) या शालेय कादंबरीत फ्लॅशमन नावाचा एक दांडगट मुलगा आहे. तो लहान मुलांना छळतो आणि अखेर मद्यपानाबद्दल रग्बी शाळेतून काढून टाकला जातो. ह्यूज यांना त्याच्यात त्यापुढे रस नव्हता. फ्रेझर यांनी मात्र या काढून टाकलेल्या पोराचे पुढे काय झाले असेल, एवढ्या एका प्रश्नावर १९६९ ते २००५ या काळात बारा पुस्तके उभी केली. तो ब्रिटिश सैन्यात गेला, एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मोठ्या संकटांत सापडला, प्रत्येक वेळी जीव वाचवण्यासाठी पळाला, लपला, इतरांना पुढे ढकलले, आणि प्रत्येक वेळी योगायोगाने वीर म्हणून गौरवला गेला. वृद्धापकाळी, मानसन्मानांनी लगडलेल्या अवस्थेत, तो आपल्या भेकडपणाची आणि लंपटपणाची कबुली लिहून ठेवतो. लेस्टरशायरमध्ये जुन्या सामानाच्या विक्रीत ही कागदपत्रे १९६५ साली सापडली आणि आपण केवळ त्यांचे संपादक आहोत, अशी फ्रेझर यांची बतावणी. पुस्तकाच्या शेवटी इतिहासाच्या टीपा असतात. त्यांत संपादक कधी फ्लॅशमनच्या म्हणण्याला दुजोरा देतो, तर कधी त्याची तारखेची चूक दाखवतो. पहिले पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले तेव्हा काही परीक्षकांनी ते अस्सल आत्मचरित्र समजून परीक्षणे लिहिली होती.

मराठी वाचकाला या खोडीची गंमत थोडी अधिक कळावी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली, तेव्हापासून जुन्या दप्तरातून निघालेला कागद म्हणजे पुरावा, अशी धारणा आपल्या विद्याव्यवहारात मुरलेली आहे. फ्रेझर नेमक्या याच धारणेवर बोट ठेवतात. येथे कागद खोटा आहे, पण त्यातील माणूस खरे बोलतो आहे. उलट, त्याच्याविषयीचे सरकारी अहवाल, वृत्तपत्रांतील वर्णने आणि सन्मानपत्रे ही कादंबरीच्या विश्वापुरती 'अस्सल' कागदपत्रे असून ती सर्व खोटी आहेत. या उफराट्या नात्यातूनच मालेतील विनोद निर्माण होतो.

'रॉयल फ्लॅश' हे मालेतील दुसरे पुस्तक. शीर्षकात पत्त्यांच्या डावातील सर्वोच्च हाताच्या नावावर श्लेष आहे. १८४० च्या दशकात लंडनमध्ये फ्लॅशमनची गाठ दोन व्यक्तींशी पडते : नर्तकी लोला माँटेझ आणि तरुण ऑटो फॉन बिस्मार्क. दोघेही इतिहासातील. लोला स्वतःला स्पॅनिश म्हणवीत असे. प्रत्यक्षात ती आयर्लंडमध्ये जन्मलेली एलायझा गिल्बर्ट. तिचे बालपण हिंदुस्थानात गेले, वडील येथेच दगावले आणि पहिल्या विवाहानंतर ती पुन्हा येथेच आली होती. १८४३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर तिचे सोंग प्रेक्षकांतूनच उघडे पाडले गेले, ही ऐतिहासिक घटना कादंबरीत फ्लॅशमनच्या सूडबुद्धीच्या खाती जमा होते. पुढे बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याची प्रिया झालेली लोला फ्लॅशमनला म्युनिकला बोलावून घेते. तेथे तो बिस्मार्कच्या जाळ्यात सापडतो, आणि चेहरेपट्टीतील साम्यामुळे त्याला एका डॅनिश राजपुत्राचे सोंग घेऊन स्ट्राकेंझ नावाच्या काल्पनिक संस्थानाच्या डचेसशी विवाह करावा लागतो. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या वादात जर्मन आणि डॅनिश यांच्यातील वैर पेटवण्याचा हा डाव आहे. अँथनी होप यांच्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१८९४) या कादंबरीशी परिचय असलेल्यांना हे कथानक ओळखीचे वाटेल. फ्रेझर यांची थट्टा अशी, की ही हकीकत आपण हॉकिन्स नावाच्या एका तरुण वकिलाला सांगितली आणि त्याने ती सजवून आपल्या नावावर खपवली, असे फ्लॅशमन म्हणतो. अँथनी होप यांचे आडनाव हॉकिन्स होते आणि ते व्यवसायाने वकीलच होते. म्हणजे उदात्त, त्यागी नायकाची लोकप्रिय कादंबरी ही नक्कल, आणि भेकडाची कबुली हे मूळ!

आता कादंबरीतील हसू नेमके कोठून येते ते पाहावे. एका उदाहरणावरून ते स्पष्ट होईल. ज्या राजपुत्राचे सोंग घ्यायचे त्याच्या डोक्यावर द्वंद्वयुद्धातील तलवारीचे व्रण आहेत. तेव्हा तोतयाच्या डोक्यावरही तसे व्रण हवेत. ते रंगाने काढून भागणार नाही, म्हणून फ्लॅशमनला बळेच तलवारीसमोर उभे करून त्याच्या डोक्यावर खरोखर वार केले जातात. या घटनेत स्वतःचे असे हास्यकारक काहीच नाही. ती क्रूर आहे. ती हास्यास्पद होते ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे सांगणारा आपल्या भीतीचे एकही वळण लपवीत नाही. दुसरे म्हणजे जर्मन समाजात हेच व्रण मर्दपणाचे भूषण समजले जातात, हे वाचकाला ठाऊक असते. भीतीची खूण शौर्याची खूण म्हणून मिरवते, आणि हा व्यवहार त्या एकाच माणसाला आतून माहीत आहे. विनोद वारात नाही, व्रणाच्या अर्थात आहे. आणि अर्थ सांगायला निवेदक लागतो.

लेस्टर यांच्या चित्रपटात निवेदकाचे हे सलग अस्तित्व नाही. चित्रपट टाकाऊ आहे असे मात्र मुळीच नव्हे. फ्रेझर यांच्याच पटकथांवर लेस्टर यांनी ड्यूमांच्या कादंबरीवरून 'द थ्री मस्केटिअर्स' (१९७३) आणि 'द फोर मस्केटिअर्स' (१९७४) हे दोन चित्रपट केले होते. साहसपटातील तलवारबाजीला नृत्याच्या डौलातून बाहेर काढून धापा टाकणाऱ्या, पाय घसरणाऱ्या, हाताला सापडेल ते फेकून मारणाऱ्या माणसांच्या झटापटीत बदलणे, ही त्यांची देणगी. ती 'रॉयल फ्लॅश'मध्येही दिसते. जेफ्री अन्सवर्थ यांचे छायालेखन जुन्या युरोपला पोस्टकार्डाच्या गुळगुळीतपणापासून वाचवते. बिस्मार्कच्या भूमिकेत ऑलिव्हर रीड आवाज न चढवता धाक निर्माण करतात. मुष्टियुद्धाचा गर्व उतरवण्याच्या प्रसंगात जुना मुष्टियोद्धा जॉन गली याच्या भूमिकेसाठी हेन्री कूपर यांची निवड करण्यात आली. १९६३ साली कॅशियस क्ले यांना, म्हणजे पुढील काळातील मुहम्मद अली यांना, जमिनीवर पाडणारे ते हेच कूपर. अशा ठिकाणी लेस्टर यांची मिस्कील दृष्टी जाणवते. माल्कम मॅक्डॉवेल यांचा फ्लॅशमनही बघण्यासारखा आहे. डोळ्यांत घबराट, ओठांवर वीराचे हसू, आणि पाय सदैव दाराच्या दिशेने.

पण पाय दाराच्या दिशेने असलेला माणूस पडद्यावर पाहणे आणि त्याच माणसाने आपले पाय दाराच्या दिशेने का होते ते निर्लज्जपणे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला विदूषक म्हणतात. विदूषक आपल्याला आवडतो. तो पडतो, मार खातो, आपण हसतो आणि त्याला माफ करतो. कादंबरीतील फ्लॅशमन माफी मागत नाही आणि त्याला ती देण्याची सोयही वाचकाला ठेवीत नाही. चित्रपटात त्याच्यामागे लागलेले लोक त्याच्याहून अधिक दुष्ट असल्याने तो जवळजवळ बळी ठरतो. कबुलीची जागा कसरतीने घेतली, की खलपुरुषाचा बापुडा होतो.

आणखी एक सूक्ष्म बदल घडतो. वृद्ध माणूस आठवणी लिहितो आहे म्हणजे तो वाचला, हे कादंबरीच्या पहिल्याच पानावर निश्चित असते. त्यामुळे 'तो जगेल का?' ही साहसकथेची नेहमीची उत्कंठा तेथे फारशी उरत नाही. तिच्या जागी 'तो किती लाजिरवाण्या रीतीने जगला?' ही वेगळीच उत्कंठा येते. चित्रपटात मात्र घटना वर्तमानात घडताना दिसतात, आणि साहसकथेची जुनी उत्कंठा आपोआप परत येते. झेंडाच्या कादंबरीचे विडंबन करायला निघालेली कथा अशा रीतीने पुन्हा झेंडाच्याच वाटेला लागते. टीपांचे तर बोलायलाच नको. श्लेस्विग-होल्स्टाइन खरे आणि स्ट्राकेंझ खोटे, हा भेद चित्रपटाच्या प्रेक्षकाला कळण्याचे साधन नाही. बिस्मार्क आणि काल्पनिक डचेस एकाच पातळीवर वावरतात.

हे सर्व माध्यमाच्या मर्यादेमुळे अटळ होते, असा बचाव होऊ शकेल. कॅमेरा बाहेरून पाहतो, मनात शिरत नाही, तेव्हा प्रथमपुरुषी निवेदन पडद्यावर आणणे अशक्यच, हे विधान आपल्याकडील माध्यमविषयक लेखनात वारंवार भेटते. ते खरे नाही. खुद्द या चित्रपटाचा आरंभच ते खोडून काढतो. रग्बी शाळेच्या मुलांसमोर, भल्यामोठ्या ब्रिटिश ध्वजाच्या पार्श्वभूमीवर, फ्लॅशमन वीर म्हणून उभा राहतो. 'पॅटन' (१९७०) या चित्रपटाच्या आरंभदृश्याची ही उघड थट्टा आहे. ज्या शाळेने त्याला हाकलले तीच आता त्याला आदर्श म्हणून मुलांसमोर मांडते, आणि अफगाणिस्तानातील त्याच्या पराक्रमाची खरी कथा काय होती हे प्रेक्षकाला दिसते. शब्द एक सांगतात, चित्र दुसरे दाखवते. कादंबरीतील सन्मानपत्र आणि कबुली यांच्यातील अंतराला चित्रपटीय पर्याय सापडला आहे तो येथे. तो सापडल्यावर पुढे सोडून का दिला, हा दिग्दर्शकाला विचारण्याचा प्रश्न आहे. कारण लेस्टर यांना ही युक्ती नवी नव्हती. 'हाउ आय वन द वॉर' (१९६७) मध्ये एका अधिकाऱ्याचे आत्मगौरवी कथन आणि पडद्यावरील प्रत्यक्ष युद्ध यांच्यातील विसंगतीवरच त्यांनी संपूर्ण चित्रपट तोलला होता.

इतरांचे दाखलेही आहेत. टोनी रिचर्डसन यांच्या 'टॉम जोन्स' (१९६३) या चित्रपटात हेन्री फील्डिंग यांच्या १७४९ मधील कादंबरीचा बोलका, मध्येच टोकणारा निवेदक पटकथाकार जॉन ऑस्बोर्न यांनी पडद्यामागील आवाजाच्या रूपाने जागा ठेवला. एवढेच नव्हे, तर नायक मध्येच प्रेक्षकांकडे पाहतो, आणि एकदा तर सभ्यतेचा आव आणून कॅमेऱ्यावर आपली टोपीच झाकतो. फील्डिंगच्या निवेदकाची वाचकाशी जी सलगी आहे, तिचे हे अचूक भाषांतर होय. याहून उद्बोधक उदाहरण 'बॅरी लिंडन'चे. तो चित्रपटही १९७५ चाच. थॅकरे यांची ती कादंबरी १८४४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीही एका बढाईखोर भामट्याचे आत्मकथन असून तिच्यातही एक काल्पनिक संपादक टीपा देत असतो. फ्रेझर यांच्या युक्तीची पूर्वज म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येते. (ज्या मासिकात ती आली त्याचे नाव 'फ्रेझर्स मॅगझिन' असावे, हा निव्वळ योगायोग.) स्टॅन्ली क्यूब्रिक यांनी प्रथमपुरुषी निवेदन सरळ काढून टाकले, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाही. तेथे त्यांनी एक थंड, सर्वज्ञ, तृतीयपुरुषी आवाज बसवला. तो पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतो आणि नायकाच्या प्रत्येक यशावर सावली धरतो. तो आवाज मायकेल हॉर्डर्न यांचा. 'रॉयल फ्लॅश'मध्ये रग्बीच्या मुख्याध्यापकाच्या भूमिकेत दिसतात तेही हॉर्डर्नच. एकाच वर्षी, एकाच नटाचा आवाज एका दिग्दर्शकाने चित्रपटभर वापरला आणि दुसऱ्याने आरंभीच्या समारंभापुरता.

निवेदक हरवल्याने बिघडले काय, असे कोणी विचारील. दोन घटका करमणूक झाली, पुरे. परंतु विनोदी ऐतिहासिक कथेत निवेदक ही केवळ तंत्राची बाब नसते. इतिहासाचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यावर ठरते. फ्लॅशमनच्या कबुलीत त्याचा स्वतःचा भेकडपणा जसा उघडा पडतो, तशीच त्याला वीर ठरवणारी व्यवस्थाही उघडी पडते. सेनापतींचे अहवाल, राणीच्या हातची पदके, शाळेतील भाषणे, वृत्तपत्रांतील स्तुती यांची गरज साम्राज्याला होती, म्हणून वीर निर्माण केले गेले, हे त्या कबुलीतून कळते. हसता हसता वाचक मध्येच थबकतो, कारण हाच माणूस पहिल्या कादंबरीत एका अफगाण नर्तकीवर केलेल्या बलात्काराची हकीकत पश्चात्तापाचा शब्दही न काढता सांगतो. येथवर आपण कोणाच्या बरोबरीने हसत होतो, हा प्रश्न वाचकाच्या गळ्याशी येतो. हा अवघडलेपणा कादंबरीचा दोष नाही, ते तिचे बळ आहे. फ्रेझर स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले होते आणि ब्रिटिश राजवटीविषयी त्यांची व्यक्तिगत मते फारशी टीकात्मक नव्हती. उत्तरायुष्यात तर त्यांनी त्या राजवटीची बाजूच घेतली. म्हणूनच काही समीक्षक या मालेला साम्राज्याच्या गतवैभवाची स्मरणयात्रा मानतात. पण लेखकाच्या मतांपेक्षा त्याच्या निवेदकाची जीभ अधिक सैल असू शकते. 'रॉयल फ्लॅश' चित्रपटाने हीच जीभ बांधून ठेवली, आणि गंमत अशी की ती बांधण्यात लेखकाचाही हात होता.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या चर्चेला एक जवळचा संदर्भ आहे. चित्रपट आला त्याच १९७५ साली या मालेतील 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा विषय १८५७ चा उठाव. तीत झाशी आहे, राणी लक्ष्मीबाई आहे, कानपूर आणि ग्वाल्हेर आहे. शेवटाकडे हिंदी वेषातील फ्लॅशमनला ब्रिटिश सैन्य बंडखोर समजते, आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा तोफेच्या तोंडाला बांधलेला असतो. आपल्याच लोकांची शिक्षा आपल्याच देहावर येऊ घातलेली पाहणाऱ्या त्या माणसाच्या बोलण्यात प्रथमच थट्टेचा धागा तुटतो. राणीच्या चित्रणाविषयी मराठी वाचकाचे आक्षेप असतील, आणि ते रास्त आहेत. परंतु त्या लढाईची हकीकत सांगणाऱ्या एका भ्यालेल्या माणसाचा आवाज मराठीला अपरिचित नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि परत येऊन त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. ते भामटे नव्हते, विनोदकारही नव्हते. फ्लॅशमनशी त्यांची तुलना तेवढ्यापुरती अन्यायाची होईल. पण आपण घाबरलो होतो, जीव वाचवण्याच्या खटपटीत होतो, हे ते लपवीत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्या झाशीवर विश्वास बसतो. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध करताना त्याच्या भाषेवर आणि मजकुरावर संपादकाचा हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये दिली, तेव्हा कोठे भटजींचे स्वतःचे बोलणे वाचकाच्या कानी पडले. दोन्ही आवृत्त्यांत घटना त्याच आहेत. झाशी तीच पडते. बदललेला असतो तो सांगणाऱ्याचा आवाज.

फ्लॅशमनच्या इतर अकरा पुस्तकांपैकी एकाही पुस्तकावर आजवर चित्रपट निघालेला नाही. 'रॉयल फ्लॅश'ला व्यावसायिक यश लाभले नाही, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. फ्रेझर २००८ मध्ये निवर्तले. झाशीची कादंबरी पडद्यावर आणण्याचे कोणाच्या मनात आलेच, तर राणीची भूमिका कोणी करावी यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतील. तोफेच्या तोंडाला बांधलेल्या त्या माणसाच्या वतीने पडद्यावर कोण बोलणार, हे मात्र पटकथेच्या पहिल्या पानावरच ठरवावे लागेल.